आखाजीला गाडी घेऊन निघाले तेव्हा

गाडी गुढीपाडव्याला घरी आली. पांढरी, छोटी, आणि कंपनीच्या यादीत सगळ्यांत खालून दुसरी. मी खालून पहिलीवरही खूश होते, पण तिच्यात गाणी लावायची सोय नाही म्हणून मुलानं पुण्याहून फोनवर मोडता घातला. खालून दुसरीत पुढच्या दोन काचा बटणावर चालतात आणि मागच्या दोन हातानं फिरवाव्या लागतात. मागे बसणाऱ्याला बटण दाबायची अक्कल नसते, असं कंपनीचं मत असावं.

शेजारचे मारवाडी शेठ आपल्या कापडाच्या दुकानाला निघाले होते, ते थांबले. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "वहिनी, पांढरी घेतली ते बरं केलं. विकताना पांढरीला भाव येतो." नारळाचं पाणी अजून बॉनेटवर ओलं होतं आणि हा माणूस ती विकायला निघाला होता. मी हसले, पण मनातून रागावले. मला राग लवकर येतो आणि उतरतोही लवकर. माझ्या वर्गातल्या मुलांना हे ठाऊक आहे, म्हणून ती पहिली पाच मिनिटंच घाबरतात.

मी शाळेत गणित शिकवते. आमचं घर जळगावला मेहरूणमध्ये, तलावापासून चालत दहा मिनिटांवर. आमचे हे दीपनगरला वीजकेंद्रात आहेत आणि सहकाऱ्यांबरोबर भाड्याच्या गाडीनं जातात-येतात. गाडी चालवायचा परवाना ह्यांच्याकडे वीस वर्षांपासून होता. गाडी आल्यावर कळलं, की परवाना होता, धीर नव्हता. पहिले आठ दिवस हे गाडीत बसायचे, एसी लावायचे, जुनी गाणी ऐकायचे आणि गाडी जागची न हलवता उतरायचे. एकदा पहाटे तलावाला फेरी मारून आले तर घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. म्हणाले, "रस्त्यावर कुत्री फार आहेत."

मग मी शिकले. एक्कावन्नाव्या वर्षी, मोटार ट्रेनिंगच्या गाडीत, दोन कॉलेजच्या मुलींच्या मध्ये बसून. शिकवणारे नाना मला प्रत्येक वळणावर "मॅडम, घाई नाही" म्हणायचे. पंधरा दिवसांत त्यांनी हे वाक्य म्हणायचं सोडलं, तेव्हा मी समजले की आपल्याला येतंय.

गाडीबरोबर राहू लागल्यावर तिचे गुण कळत गेले. पहिलं म्हणजे ती बोलते. पट्टा लावला नाही तर टुणटुण करते, मागे घेताना भिंत दिसली तर टुणटुण करते, दार नीट लागलं नाही तरी टुणटुण. शेजारच्या सीटवर वजन ठेवलं की तिला तिथं माणूस बसल्यासारखं वाटतं. एका रविवारी बाजारातून टरबूज आणलं आणि ते पुढच्या सीटवर ठेवलं, तर घरापर्यंत गाडीनं डोकं उठवलं. शेवटी सिग्नलला थांबून मी टरबुजाला पट्टा बांधला. शेजारचा रिक्षावाला बघत होता. त्यानं नक्कीच घरी जाऊन सांगितलं असणार.

दुसरं ऊन. आमच्याकडचं एप्रिलचं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना सांगायला नको. शाळेच्या आवारात एकच कडुनिंब आहे आणि त्याखालची जागा मुख्याध्यापकांची. माझी गाडी दुपारी एक वाजेपर्यंत उघड्यावर तापत असे. स्टिअरिंगला हात लावायची सोय नाही, म्हणून ओला नॅपकिन टाकून ठेवायचा. एसीला गाडी थंड करायला दहा मिनिटं लागतात आणि घर सात मिनिटांवर आहे. म्हणजे गार वाटायला लागेपर्यंत उतरायची वेळ. मग मी तलावाच्या रस्त्यानं वळसा घालून येऊ लागले. पेट्रोल जाळून तीन मिनिटांचा गारवा घेणं हे कुठल्याच हिशेबात बसत नाही, आणि मी तो वळसा रोज घेतला. इतक्या वर्षांच्या नोकरीत दुपारचा एवढा वेळ माझा एकटीचा कधी नव्हता.

तिसरं, गाडी पाच जणांची आहे असं कागदावर लिहिलंय. पहूरला एका लग्नाला आम्ही पाच शिक्षिका गेलो तेव्हा कळलं, की ती चार जणांची आणि एका सोसणाऱ्या बाईची आहे. मधे बसलेल्या बाई येताना एसटीनं आल्या. कुणी त्यांना फारसा आग्रह केला नाही.

बाकी तक्रार नाही. खड्ड्यातून जाताना मागे काहीतरी खडखडतं, ते स्टेपनीचं हत्यार आहे असं सर्व्हिसिंगवाल्यानं सांगितलं. पाच आठवड्यांत गाडीला एकच ओरखडा आला आणि तो आमच्याच फाटकाचा. ह्यांनी त्यावर रोज बोट फिरवून पाहिलं, आणि आठव्या दिवशी तेही सोडून दिलं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आमचे आठच भरले.

तेवढ्यात आखाजी आली.

बाहेरच्या लोकांसाठी सांगते, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात त्या सणाला लेकी माहेरी जातात. जातात म्हणण्यापेक्षा नेल्या जातात. माहेरचं माणूस घ्यायला येतं, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय लेक निघत नाही, मग घरासमोरून माहेरच्या गावची बस का जाईना. माझं माहेर धुळ्याच्या अलीकडे, महामार्ग सोडून सहा किलोमीटर आत. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आमचे आबा घ्यायला यायचे. ते थकल्यावर भाऊ येऊ लागला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, शेती करतो. आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि आई दोन वर्षांपूर्वी थंडीत गेली. त्यानंतरच्या आखाजीलाही भाऊ आला. आदल्या दिवशी दुपारी आला, जेवला, आणि उन्हं कलल्यावर आम्ही एसटीनं निघालो. रस्ताभर दोघंही फार बोललो नाही, पण मला वाटलं की चला, माहेर अजून आहे.

या वर्षी माझ्या डोक्यात गाडी होती. भावाचा उजवा गुडघा दुखतो. गावातून महामार्गापर्यंत एक बस, तिथून दुसरी, स्टँडवरून मेहरूणपर्यंत रिक्षा, तेही भर उन्हात, आणि परत हेच सगळं उलटं. आपल्या दारात गाडी उभी असताना त्याला ही दगदग का द्यायची? फोनवर सांगितलं असतं तर तो ऐकला नसता. म्हणून ठरवलं, की सांगायचंच नाही. तो दरवर्षी घरून नऊ वाजता निघतो. आपण साडेसहाला निघायचं, सावकाश चालवत पावणेनऊपर्यंत दारात. तो चप्पल घालत असेल आणि समोर आपण. मला ही कल्पना फार आवडली. ह्यांना सांगितली तर हे म्हणाले, "त्याला एक फोन कर." मी म्हटलं, "मग मजा काय?"

आदल्या दिवशी सकाळी हे ड्यूटीवर गेले आणि ठरल्याप्रमाणे साडेसहाला मी निघाले. मागच्या सीटवर कपड्यांची बॅग, पुढच्या सीटवर भावजयीसाठी केळीच्या वेफर्सचा डबा. डबा हलका होता, त्यामुळे टुणटुण नाही. गिरणेचा पूल ओलांडला, पाळधी गेलं. चौपदरी रस्ता, मधे दुभाजक, सकाळची हवा अजून तापलेली नाही. एवढ्या लांब एकटी मी पहिल्यांदाच चालवत होते. पलीकडच्या बाजूनं जळगावकडे जाणाऱ्या एसट्या दिसत होत्या, भरून वाहणाऱ्या. आखाजीची गर्दी. त्यातल्या कुठल्या बायका माहेरी निघालेल्या आणि कुठले पुरुष घ्यायला निघालेले असतील, असा विचारही माझ्या मनात येऊन गेला.

पारोळ्याच्या थोडं पुढे गेले आणि सगळी गाडी वाजायला लागली. मुलानं फोन गाडीला जोडून दिला होता. समोरच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात भावाचं नाव. उचलायचं बटण स्टिअरिंगवर डावीकडे आहे हे मुलानं तीनदा दाखवलं होतं, पण त्या क्षणी मला डावी-उजवी काही सुचेना. मागून ट्रक हॉर्न देत होता. फोन वाजून बंद झाला, परत वाजला. मी एका चहाच्या टपरीपाशी गाडी बाजूला घेतली आणि मोबाईल हातात घेऊन साध्या पद्धतीनं फोन लावला.

"अक्का," तो म्हणाला, "घराले कुलूप शे. तू शायमा गयी का?"

मला आधी कळलंच नाही, शाळेत गेलीस का असं हा का विचारतोय. मग कळलं. ऊन लागू नये म्हणून यंदा त्यानं पहिली बस पकडली होती. मी त्याच्या उन्हाचा विचार केला आणि त्यानं त्याच्या. दोन गाड्या समोरासमोरून निघतात, एकीचा वेग इतका, दुसरीचा तितका, तर त्या एकमेकींना कुठे भेटतील, हे गणित मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. एरंडोलच्या आसपास कुठेतरी आम्ही एकमेकांना ओलांडून गेलो होतो.

मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग नुसतं म्हणाला, "तू निंघी गयी?"

"तुझा गुडघा दुखतो म्हणून निघाले रे. तुला त्रास नको म्हणून."

"बरं. मंग जाय तू आते. मी येस बसवर."

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. आमच्या घरात रागावणं माझ्याकडे आणि गप्प बसणं त्याच्याकडे, अशी लहानपणापासून वाटणी आहे. मी म्हटलं, "थांब तिथंच. शेठच्या ओट्यावर बस. मी परत येते." त्यानं फोन ठेवला.

टपरीवर उभी राहून मी विचार केला. इथून माहेर पस्तीस किलोमीटर, जळगाव पंचावन्नाच्या वर. पुढे जाणं शहाणपणाचं होतं. भावजय होती, भाचे होते, संध्याकाळपर्यंत तोही बसनं आला असता. पण मग मी कुणाच्या घरी जाणार होते? घ्यायला आलेला माणूस माझ्या कुलपासमोर बसलाय आणि मी त्याच्या घरी जाऊन चहा पितेय. आई असती तर तिनं मला दारातूनच परत पाठवलं असतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की हातातला चहा तसाच ठेवून मी गाडीत बसले. दुभाजक कुठे तुटतो ते बघत दोन किलोमीटर पुढे गेले, आणि ट्रकांच्या मधून जन्मात पहिल्यांदा महामार्गावर गाडी उलटी वळवली.

भाऊ शेठच्या ओट्यावर बसला होता. आत चला म्हणून शेठनी दोनदा सांगितलं होतं, पण तो पाण्याखेरीज काही घ्यायला तयार नव्हता. पांढरा सदरा, टोपी, मांडीवर पिशवी. मी कुलूप काढलं. तो हातपाय धुऊन खुर्चीवर बसला. मी पोहे केले, चहा ठेवला. पिशवीतून त्यानं भावजयीनं दिलेल्या सांजोऱ्या काढल्या आणि डबा माझ्या हातात दिला. खाऊन झालं तसा तो भिंतीवरच्या माझ्या सासूबाईंच्या फोटोकडे बघत थोडा वेळ बसला. लेकीला घेऊन जाऊ का, हे सासूबाई होत्या तोवर मुराळी त्यांनाच विचारायचा. मग त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि ह्यांना लावला. स्पीकर चालू होता, दीपनगरच्या मशीनची घरघर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आली.

"दाजी, अक्काले लई जाऊ का?"

"अहो, ती तर सकाळीच गेली ना?" हे ओरडून म्हणाले.

"नही," भाऊ म्हणाला, "आते जाई राहिनी."

 मग हे म्हणाले, "हो हो, न्या. खुशाल न्या." ह्यांना काही कळलं नसावं, पण उत्तर बरोबर दिलं.

मी म्हटलं, "भाऊ, गाडी राहू दे इथं. एसटीनं जाऊ, नेहमीसारखं." मनापासून म्हटलं. त्या क्षणी मला ती गाडी नकोशी झाली होती. त्यानं खिडकीतून गाडीकडे पाहिलं, बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. "नही," म्हणाला, "गाडी शे तर गाडीवर जाऊत."

साडेदहाला आम्ही निघालो. तो पुढे बसला आणि गाडी टुणटुणू लागली. मी पट्टा कसा लावायचा ते सांगितलं. पट्टा लावून तो दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून सरळ बसला. एसीची हवा तोंडावर येत होती, ती त्यानं माझ्याकडे वळवली. एरंडोल येईपर्यंत मी एकटीच बोलत होते. हा बघ एसी, हे बघ अमुक, ही टुणटुण कशानं होते. तो हं म्हणायचा. शेवटी मी म्हटलं, "चुकलं माझं. मला वाटलं तुझे कष्ट वाचतील."

तेव्हा तो बोलला. समोर बघतच. "कष्ट काय, अक्का. सालमा एकडाव येस मी. माय गयी तव्हयपासून गावमा बठ्ठा बघतस. लोके काय म्हनतीन? माय गयी आनि भाऊ लेवाले बी गया नही. तिनी ती उनी, तिनी ती गयी." आई गेली आणि भाऊ घ्यायलाही गेला नाही, तिची ती आली, तिची ती गेली, असं गावात सगळे म्हणतील ही त्याची धास्ती. मग म्हणाला, "तुनाजोडे आते गाडी शे. तुले मनी काय गरज?"

मी गाडी चालवत होते म्हणून बरं, नाहीतर त्याच्याकडे बघावं लागलं असतं. "गरज आहे," मी म्हटलं. "तू आला नाहीस तर मी येणार नाही. गाडी असू दे नाहीतर विमान असू दे." तो समोरचा रस्ता बघत राहिला. पण पारोळा गेल्यावर त्यानं पहिल्यांदा हात पुढे करून गाण्याचं बटण फिरवून पाहिलं, आणि ॲव्हरेज किती देते ते विचारलं. मी सांगितलेला आकडा त्याला खरा वाटला नाही. त्यावर आम्ही गावच्या फाट्यापर्यंत भांडत गेलो.

फाटा वळून सहा किलोमीटर आत आलं, की आधी बसथांबा आणि मारुतीचं देऊळ लागतं. तिथून आमचं घर गल्लीच्या शेवटाला. देवळापाशी तो म्हणाला, "थांब."

मला वाटलं पाया पडायला उतरतोय. तो उतरला, मागचं दार उघडून माझी बॅग घेतली, टोपी नीट केली आणि गाडीच्या पुढे येऊन उभा राहिला. हातानं ये म्हणून खूण केली आणि चालू लागला. दुपारचा एक वाजत आला होता. डोक्यावर ऊन, एका हातात माझी बॅग, उजवा पाय किंचित ओढत तो गल्लीच्या मधोमध चालत होता, आणि मागे मी, पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून.

मी एसी बंद केला आणि दोन्ही बाजूंच्या काचा खाली घेतल्या. गरम वारा आत आला. पहिल्या दारात एक म्हातारी आजी बसली होती, डोळ्यांवर हात धरून तिनं विचारलं, "कोन उनं रे भाऊ?"

"अक्काले लई उनू," अक्काला घेऊन आलो, असं तो म्हणाला, आणि पुढे चालू लागला.

गाडीबद्दल कुणी विचारलं तरी तो गाडीबद्दल बोलला नाही. आमच्या घरापर्यंत चार दारं उघडी होती. चारही दारांत थांबून तो तेच म्हणाला, आणि चारही वेळा मी गाडी थांबवून डोळे पुसले.